लिफ्टमास्तरांची बोट पळत नाही

पहिल्या फेरीला सव्वीस मिनिटं लागली, तेव्हा लिफ्टमास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पुढे पळत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या फेरीला लेकीच्या मोबाइलवर वेळ मोजली, तेव्हाही सव्वीसच मिनिटं भरली. मग मास्तरांनी बोट धक्क्याला बांधली, मोटरच्या झाकणावर दोन थापा मारल्या आणि ते म्हणाले, "नवीन जागा आहे ना, बुजलीय जरा. उद्या बघ, पंधरा मिनिटांच्या आत नेतो की नाही!"

"बाबा, मोटर बुजते?"

"मशीनला स्वभाव असतो, बाळा. एकतीस वर्षं हेच केलंय मी. मशीन बोलतं. आपण फक्त जवळ जाऊन ऐकायचं."

एकतीस वर्षं मास्तरांनी एका भल्यामोठ्या इस्पितळातल्या सहा लिफ्ट सांभाळल्या होत्या. तळमजल्यावर दाराला कान लावून ते पाचव्या मजल्यावरचं चाक कुठे कुरकुरतंय ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. ज्या वेळी खरं निघायचं नाही त्या वेळी चाकाने आवाज बदललेला असायचा. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी सगळे त्यांना लिफ्टमास्तरच म्हणत. 'मला कळत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून एकत्र बाहेर पडलेले कुणी ऐकले नव्हते, त्यांच्या बायकोनेही नाही.

बोट घ्यायचं कारण म्हणजे लेकीची नोकरी. तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या शाळेत ती शिक्षिका म्हणून लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. रस्त्याने जायचं तर तलावाला वळसा, दोन बस आणि दोन तास. शाळेजवळ एका बाईंची खोली रिकामी होती. खोली स्वच्छ होती, खिडकीतून तलाव दिसत होता आणि बाई बऱ्या होत्या. रविवार संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"खोली? खोली कशाला?" मास्तर उसळून म्हणाले होते. "सरळ पाण्यावरून गेलं तर सहा किलोमीटर! मी नेईन, मी आणीन. घरचं जेवण, घरचं अंथरूण, पंधरा मिनिटांच्या आत शाळेत." आणि आठवड्याच्या आत त्यांनी एक जुनी बोट आणि तिच्या पाठीवरची पंधरा अश्वशक्तीची मोटर घरच्यासारखी घासूनपुसून धक्क्याला आणून उभी केली.

"आधी पळू तर दे, बाबा. मग ठरवू," लेक म्हणाली होती. मास्तरांनी यातलं 'मग ठरवू' ऐकलंच नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्या खोलीचीच भीती वाटत होती. ही पोरगी घरात नसेल तर संध्याकाळी दार उघडल्यावर 'बाबा, आज कोणतं मशीन बोललं?' असं कोण विचारणार, हा विचार त्यांना सोसवत नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी बोटीत सुधारणा करायला घेतल्या.

सुधारणा मनापासून केल्या होत्या. पुढच्या बाजूला पाण्याचे शिंतोडे उडतात आणि लेकीला कपडे भिजवून वर्गात जायला लागू नये, म्हणून मास्तरांनी अगदी मागे, मोटरला लागून, जाड गादीचा बाक ठोकला. बाकाखाली त्यांची इस्पितळापासूनची लोखंडी हत्यारपेटी बसवली. ती उचलायला दोन माणसं लागत. पेटीच्या एका अंगाला पेट्रोलची टाकी, दुसऱ्या अंगाला जादा टाकी, मध्ये नांगर आणि त्याची साखळी. बोटीचा पुढचा भाग बैठकीच्या खोलीसारखा मोकळा आणि नीटनेटका झाला. या सगळ्यावर स्वतः मास्तर बसत, आणि मास्तरांच्या अंगापिंडाबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की लिफ्टमध्ये 'सहा माणसं' अशी पाटी असली तर ते आत आल्यावर उरलेले चौघंच चढत.

सव्वीस मिनिटांच्या धक्क्यानंतर त्यांनी बोट विकणाऱ्याला फोन लावला.

"माझ्याकडे तर सुसाट पळायची हो," तो म्हणाला. "तुम्ही काही केलंत का तिला?"

"बिघडेल असं काही नाही. सुधारणाच केल्यात."

मग त्या माणसाने तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

मास्तरांची बायको दोन्ही फेऱ्यांना धक्क्यावर उभी होती. बोट निघाली तशी ती दोन्ही हात जोरजोरात पुढे ढकलू लागली, जणू कुणी जड कपाट सरकवतंय. मास्तरांनीही हात वर करून हलवला. "बघ, तुझी आई किती खूश आहे," ते लेकीला म्हणाले. परत आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ते बोटीचं नाक आहे ना पुढचं, ते..."

"रंग उडालाय, माहितीय मला. रंगाचं नंतर बघू. आधी मोटर."

गुरुवारी सकाळी मास्तरांनी कामाला हात घातला. प्लग बदलले. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो, तो उघडायला लोक विसरतात आणि मग मोटरला पेट्रोल पोचत नाही. मास्तर विसरले नव्हते, तरी त्यांनी तो स्क्रू बंद करून पुन्हा उघडला, म्हणजे कामात कसूर नको. मग फेरी मारली. वेगाची मूठ पूर्ण पिळली तरी मोटर कण्हल्यासारखा एकच सूर धरून राहिली. वेळ लागला पंचवीस मिनिटं पन्नास सेकंद.

"दहा सेकंदांची सुधारणा आहे," मास्तर म्हणाले. "या वेगाने सुधारत गेलो तर..." त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि वाक्य तिथेच सोडून मेहुण्याला बोलावणं धाडलं.

मेहुण्याचं दुचाकीचं गॅरेज होतं. तो आला तो स्वतःची पेटी घेऊनच. मोटरचं झाकण उघडून त्याने आत पाहिलं, हुंगलं, आणि डोकं हलवलं. "भाऊजी, कार्बोरेटर. शंभर टक्के. हा चोंदलाय. माझ्याकडे रोज दहा येतात असे."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले.

कार्बोरेटर निघाला, धुतला गेला, त्याची बारीक भोकं तारेने साफ झाली, आणि संध्याकाळी फेरी झाली. मोटरचं बोलणं ऐकायचं तर जवळ बसायला हवं, म्हणून मेहुणा मागच्या बाकावर मास्तरांना चिकटून बसला. त्याची पेटी पायाशी ठेवली. वेळ लागला तीस मिनिटं.

"हे कसं झालं?" मेहुणा गोंधळून म्हणाला. "साफ केल्यावर जास्त? भाऊजी, वजन तर होत नाही ना?"

मास्तर हसले. असा प्रश्न ते एकतीस वर्षं रोज ऐकत आले होते. त्यांनी बोटीच्या कडेवरच्या पत्र्याच्या पाटीवर बोट ठेवलं. "वाच. सहा माणसं. आपण किती? दोन. वजनाचं मला सांगू नकोस, माझा जन्म वजन मोजण्यात गेलाय."

"पण सगळे एकाच बाजूला बसलो तर..."

"लिफ्टमध्ये माणूस कोपऱ्यात उभा राहिला काय नि मध्ये उभा राहिला काय, दोरीला काय फरक पडतो? वजन ते वजन. तू ऐक, मोटर काय म्हणतेय ते ऐक."

धक्क्यावर बायको पुन्हा तसेच हात ढकलत होती. मेहुण्याने विचारलं, "ताई काय करतेय?"

"व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलाय खांद्यासाठी," मास्तर म्हणाले. खांद्याचा व्यायाम खरोखरच सांगितलेला होता.

शुक्रवारी मेहुण्याने पंपवाल्याला आणलं. पंपवाला विहिरींचे आणि इमारतींचे पंप दुरुस्त करायचा, आणि पाणी या विषयावर आपल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये असं त्याचं मत होतं. त्याने मोटर वर उचलून खालचा पंखा हाताने फिरवला आणि तुच्छतेने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"मास्तर, तुम्ही वर शोधताय, रोग खाली आहे. पात्याची कड बघा, किती चावलीय. पाणी धरणारच नाही ही. पाणी ओढणं आणि फेकणं, शेवटी हाच खेळ आहे सगळा."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले.

दुपारभर पंखा कानशीने घासला गेला. पाती आरशासारखी चकाकायला लागली. संध्याकाळच्या फेरीला पंपवाला निघाला, कारण आपण केलेलं काम पाण्यात कसं बोलतं ते त्यालाही ऐकायचं होतं. मेहुणा होताच, त्याला कार्बोरेटरबद्दल खात्री करायची होती. तिघं मोटरभोवती गुडघे जुळवून बसले. तीन हत्यारपेट्या झाल्या. वेळ लागला चौतीस मिनिटं. वाटेत मागच्या कडेवरून थोडं पाणी आत आलं, ते पंपवाल्याने डब्याने उपसलं. "उपसणं तर आपलं कामच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आत्मविश्वास तिळभरही कमी झाला नाही.

मोटर मात्र बदलली होती, हे तिघांनाही मान्य होतं. मेहुण्याच्या मते ती आता मोकळा श्वास घेत होती. पंपवाल्याच्या मते ती पाणी धरत होती. मास्तरांच्या मते ती काहीतरी सांगू पाहत होती. तिघांचीही मतं एका परीने बरोबरच होती.

शनिवारी शेजारचे सर आले. त्यांनी सबंध हयात शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि या प्रकरणात शास्त्रीय पद्धतीचा अभाव आहे असं ते दोन दिवस गच्चीवरून पाहत आणि हळहळत होते. त्यांच्याकडे शर्यतीचं घड्याळ, वही आणि दोन रंगांची पेनं होती.

"मास्तर, तुम्ही एकाच वेळी सतरा गोष्टी बदलता. असं चालत नाही. आधी निरीक्षण. मोटरचं कंपन, आवाज, धूर, सगळं दर दोन मिनिटांनी लिहून काढायचं."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले.

निरीक्षण करायचं तर मोटर दिसायला हवी, म्हणून सर मागे बसले. आता मागे चौघं झाले. सरांना जागा व्हावी म्हणून जादा टाकी मास्तरांच्या मांडीवर आली. लेक निघाली होती, पण तिला बसायला जागा पुढेच उरली होती. तिकडे बसायचं म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "नको, शिंतोडे उडतील, तू धक्क्यावरच थांब," आणि बोट ज्या प्रवाशासाठी घेतली होती तिला मागे ठेवून निघाली.

वेळ लागला अडतीस मिनिटं. तलावाच्या बांधावरून एक पोस्टमन सायकलवर चालला होता. तो मागून आला, काही वेळ बोटीच्या बरोबरीने राहिला, मग घंटी वाजवून पुढे निघून गेला. सरांनी ते निरीक्षण वहीत हिरव्या पेनाने टिपलं. बोटीचं पुढचं टोक तोवर इतकं वर आलं होतं, की मास्तरांना समोरचा काठ दिसत नव्हता. ते अंदाजाने चालवत होते, आणि सरांनी विचारल्यावर म्हणाले, "अहो, लिफ्टमध्ये कुठे समोरचं दिसतं?"

परत आल्यावर धक्क्यावर चौघांचं बोलणं पेटलं. नवी मोटरच घ्यावी, असं मेहुण्याचं मत पडलं. मोटर चांगली आहे, तलावाचंच पाणी जड आहे, असं पंपवाला म्हणाला. सर म्हणाले, "अजून किमान वीस फेऱ्यांची आकडेवारी हवी." लेकीने एकदा पलीकडच्या काठाकडे पाहिलं आणि घरी गेली.

मास्तर घरी पोचले तेव्हा ती आपल्या खोलीत पुस्तकं काढून ट्रंकेत भरत होती. एक ट्रंक भरून झाली होती, दुसरी अर्धी झाली होती. मास्तर दारातच उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"शाळेची पुस्तकं आहेत, बाबा. उद्या तिकडे पोचवून येते. काहीही ठरलं तरी ती तिकडेच लागणार ना?"

"पुस्तकंच ना?"

"पुस्तकंच आहेत."

मास्तर मान डोलवत स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर बसले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे पडले होते. कार्बोरेटर, पंखा, प्लग, टाकी, सगळं ठीक होतं आणि पोरगी निघाली होती. कणीक मळता मळता बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी काही बोलू का?"

"मोटरबद्दल?"

"नाही, मोटरबद्दल नाही."

"मग नंतर बोल. आत्ता माझं डोकं मोटरमध्ये आहे."

बायकोने कणकेचा गोळा परातीत जरा जोरातच आपटला. त्या आपटण्यात पस्तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता.

रविवारी सकाळी धक्क्यावर चौघंही तज्ज्ञ हजर होते. सरांच्या हातात नवीन वही होती. मेहुणा कुठूनतरी दुसरा कार्बोरेटर घेऊन आला होता. लेक दोन ट्रंका हातगाडीवर घालून आली आणि तिच्या मागोमाग तिची आई आली, साडीचा पदर खोचून. आज ती हात ढकलत नव्हती. ती सरळ बोटीत उतरली, गादीच्या बाकाखाली वाकली आणि म्हणाली, "ही पेटी बाहेर."

"अगं, हत्यारं नकोत? वाटेत बंद पडली तर?"

"वल्हं आहे. चार दिवसांत एकदा तरी बंद पडलीय का ती? नुसती रडतेय. भाऊ, पंपवाले, उचला ही पेटी."

मेहुण्याने आणि पंपवाल्याने एकमेकांकडे पाहिलं आणि पेटी उचलली. ती धक्क्यावर आली तशी बोटीची मागची कड चार बोटं पाण्यावर आली. मग बाकीच्या दोन पेट्या बाहेर आल्या. मग नांगर पुढे गेला, जादा टाकी पुढे गेली, दोन्ही ट्रंका मध्ये, बोटीच्या पोटात बसल्या.

"वहिनी, आम्ही कुठे बसू?" सरांनी वही छातीशी धरून विचारलं.

"धक्क्यावर. निरीक्षण इथूनच चांगलं होतं. मी चार दिवस इथूनच करतेय."

"पण मोटर ऐकायची..."

"सगळ्यांनी मिळून ऐकलीत ना? आज तिला जरा काम करू द्या." तिने लेकीला पुढच्या फळीवर बसवलं, स्वतः एका ट्रंकेवर बसली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चला."

मास्तर हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होते. एवढ्या मोठ्या बाकावर आज ते एकटेच होते. त्यांनी मोटर चालू केली, धक्का सोडला आणि मूठ पिळली. पहिल्यांदा नेहमीसारखंच झालं. मोटर कण्हली, बोटीचं टोक वर उठलं, मागे पाण्याचा खड्डा पडला. मास्तरांनी 'बघ, सांगितलं होतं' म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात टोक खाली आलं. बोट जराशी थरथरली आणि कण्हणं थांबून मोटरने असा मोकळा, उंच सूर लावला की मास्तर बसल्या जागी ताठ झाले. काठावरची झाडं मागे पळायला लागली. लेकीची ओढणी झेंड्यासारखी फडफडायला लागली. बांधावर पोस्टमन होता की नव्हता, असता तरी कुणाला दिसला नसता.

"अहो, चार दिवस तुम्ही बोटीला मागच्या पायांवर उभं करून चालवत होतात!" बायको ओरडून म्हणाली, कारण आता ओरडावंच लागत होतं. "सगळं गाव तिच्या शेपटीवर बसवलंत. मोटर बिचारी तिला पुढे नेत नव्हती, डोंगर चढवत होती. मी हातांनी सांगत होते, पुढे सरका, पुढे सरका!"

"मला वाटलं खांद्याचा..."

"खांद्याचा व्यायाम गोल असतो!"

लिफ्टमध्ये माणूस कुठे उभा राहतो याने काही फरक पडत नाही, आणि बोटीत सगळा फरक त्यानेच पडतो, हे मास्तरांच्या डोक्यात हळूहळू, एकेक मजला करत वर चढत होतं. शेवटी ते पोचलं. "मला संशय होताच," ते म्हणाले, पण इतक्या हळू की ते फक्त मोटरने ऐकलं.

पलीकडच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा लेकीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. अकरा मिनिटं पाच सेकंद.

मास्तरांनी बोटीतून उडीच मारली. त्या वयात आणि त्या वजनात ती उडी म्हणायला हरकत नाही. "बघितलंस? अकरा! पंधरा म्हणालो होतो, अकरात आणलं! शेजारच्या गल्लीत जायला जास्त वेळ लागतो. कर फोन त्या बाईंना. सांग, खोली नको म्हणून."

लेक ट्रंकेच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आज मी कुणावर रागावणार नाही."

"मला ती खोली खूप आवडलीय. पहिल्याच दिवशी आवडली होती. एकटीने राहून बघायचं होतं एकदा, स्वतःचं स्वतः. पण पाय निघत नव्हता. तुम्ही दोघं तिकडे, मी इकडे, मध्ये दोन तास. आईचा खांदा, तुमचं बीपी, अचानक काही झालं तर मी पोचणार कधी? म्हणून बोटीची वाट बघत होते मी. बोट सव्वीस मिनिटं घेत होती तेव्हा मी मनातून खोली सोडलीच होती. काल अडतीस झाली तेव्हा तर रडूच आलं." तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसरा होता. "आता अकरा. आता काय चिंता? तुम्हीच म्हणालात ना, शेजारची गल्ली."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको तलावाकडे पाहत होती.

"अगं पण," मास्तर म्हणाले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका मशीनच्या विरोधात बोलू लागले, "या मोटरचा काही भरवसा नाही. जुनी आहे. आज लागला सूर, उद्या लागेल की नाही कोण जाणे. कार्बोरेटरमध्ये एक कण अडकला की बसली. आणि पंखा तर पंपवाल्याने घासून घासून पार कागद करून ठेवलाय. एका फेरीवरून काही ठरवायचं नसतं. विचार सरांना!"

लेकीने जरा विचार केला. "हेही खरंच आहे. मग असं करू. मी ट्रंका ठेवून घरमालकिणीकडे जाते, पण हो म्हणत नाही. तुम्ही दोघं परत जा, पोचलात की फोन करा. परतीला वीस मिनिटांच्या वर लागली तर खोली रद्द, मी घरी. वीसच्या आत पोचलात तर खोली पक्की करते, मग संध्याकाळी मला न्यायला या आणि उद्या सकाळी बॅग घेऊन सोडा. चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

परत निघताना बायको मधल्या फळीवर बसली, तोंड मास्तरांकडे करून. काठ सुटला. लेक धक्क्यावरून हात हलवत होती, लहान लहान होत होती. मास्तरांचा हात मुठीवर होता. अर्धी पिळली तर सव्वीस मिनिटं. अर्ध्याहून थोडी कमी, तर तीस. कुणाला काय कळणार होतं? मशीन आहे, बुजलं असेल. पोरगी संध्याकाळी घरी, उद्या घरी, वर्षभर घरी. बायको त्यांच्या हाताकडे पाहत होती आणि चार दिवस बोलायला टपलेली ती बाई आता चकार शब्द काढत नव्हती.

मास्तरांनी मूठ अर्धी पिळली. मोटर कण्हायला लागली, अगदी बुधवारसारखी. तो आवाज त्यांच्या कानातून थेट दाताच्या मुळाशी गेला. एक धडधाकट, निरोगी मशीन, सगळं जागच्या जागी असलेलं, आणि ते असं चालवायचं? इस्पितळात कुणी चांगल्या लिफ्टला असं कण्हवलं असतं तर मास्तरांनी त्याला जिन्याने पाठवलं असतं. त्यांनी पाचएक सेकंद सोसलं. मग एक शिवी हासडली, ती कुणाला ते बायकोने विचारलं नाही, आणि मूठ शेवटपर्यंत पिळली.

बोट उसळली, सपाट झाली, आणि सूर लागला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. पाण्याचे शिंतोडे उडत होते, त्यामुळे कशासाठी लावला ते सांगता येत नाही. मास्तर पुढे झुकून, दात आवळून, एकेक लाट बघून बोट हाकत होते, जणू आयुष्यातली पहिली आणि शेवटची शर्यत.

इकडच्या धक्क्यावर मेहुणा, पंपवाला आणि सर तिघं ओळीने उभे होते. "भाऊजी, कोणता पार्ट होता शेवटी?" मेहुणा लांबूनच ओरडला. मास्तरांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. दोरी खांबाला अडकवायच्या आधी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फोन लावला.

"किती, बाबा?" पलीकडून लेकीने विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. खोटं बोलायला अजूनही वेळ होता. त्यांनी समोर पाहिलं, सहा किलोमीटर पाण्यापलीकडे ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या धक्क्याकडे.

"नऊ मिनिटं पन्नास सेकंद," ते म्हणाले, आणि आवाज फुटू नये म्हणून आणखी मोठ्याने म्हणाले, "आणि वारा समोरून होता, नाहीतर साडेनऊ!"